देवानंदचे कान

बायकोपासून मी फारसं काही लपवलेलं नाही. कॉलेजात केलेली कॉपी, वाटणीच्या वेळी धाकट्या भावाशी केलेली चलाखी, एकदा नागपूरला — बरं, ते जाऊ द्या, तेही तिला ठाऊक आहे. हे मात्र नाही. हे कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. एवढं खरं सुरुवातीलाच बोलून घेतो, पुढे कितपत जमेल ते माहीत नाही.

गोष्ट रेडिओची आहे. गाण्यांच्या रेडिओची नव्हे, हौशी रेडिओची. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, एक नंबरवजा नाव मिळतं त्याला कॉलसाइन म्हणतात, मग तारेची अँटेना उंच बांधायची आणि जगात कुठेही, कुणाशीही बोलायचं. मोबाइल खिशात असताना हे कशाला, असं लोक विचारतात. मी यवतमाळला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे असल्या लोकांना वातावरणाचे थर वगैरे सांगून गप्प करणं मला सोपं जाई. पण खरं कारण काय होतं सांगू? आसपास ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आमच्या भागात रेडिओवाले सर म्हणजे मी. एवढंच. एवढ्यावर मी वीस वर्षं सुखात काढली.

मग देवानंद आला.

बाभुळगावला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी लोक बैलगाडीत, ऑटोत घालून आणायचे. देवानंद आधी मोटर उघडायचाच नाही. चालू करायचा, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला लावायचा, मूठ स्वतःच्या कानावर दाबायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा — मागचं बेअरिंग गेलं. किंवा, काही नाही झालं, तुमचं स्टार्टर खराब आहे, घरी न्या. तो चुकला असं मी एकदाही ऐकलं नाही. माझ्या शेतावरची मोटर घेऊन मी गेलो होतो, तेव्हा टेबलावर माझा छोटा रेडिओ ठेवला होता, त्यातून मोर्सची, टिंब-रेघांच्या भाषेची, टिकटिक चालली होती. त्यानं विचारलं, सर, हे काय बोलून राह्यले?

मी शिकवलं. मीच शिकवलं, हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधी विसरलो नाही. मला मोर्स नीट यायला दीड वर्ष लागलं होतं. त्याला तीन महिने. परीक्षा पास झाला, परवाना आला, त्याच्या बायकोनं, लताबाईनं, मला जेवायला बोलावलं. मी जेवलो. आणि मग — हे सांगायला हवं, इथेच सांगायला हवं — मी तिथे जेवलो हे चार लोकांना सांगितलं. देवानंद बौद्ध, मी गावच्या पाटलांच्या घरातला. मी स्वतःला फार पुढारलेला समजत असे. जेवलो ते ठीक, पण सांगत कशाला फिरलो? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं मन मोठं आहे याचा मला इतका आनंद होता की बाकी काही दिसतच नव्हतं.

आता स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो. वर्षातून एकदा, थंडीत, शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या वेळात जगभरच्या जितक्या स्टेशनांना गाठता येईल तितक्यांना गाठायचं. त्याचं नाव ऐकायचं, आपलं द्यायचं, वहीत लिहायचं, पुढचा. एक अक्षर चुकलं की गुण गेले. आम्ही माझ्या बाभुळगावच्या शेतावर दोन सेट लावायचो. मी शेतावरच्या खोलीत चाळीस मीटरवर, तो खताच्या कोठीत वीस मीटरवर — हे मीटर अंतराचे नव्हेत, रेडिओलहरींच्या लांबीचे. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम हाक ऐकू जाईल एवढं. चाळीस मीटर सकाळी आणि दुपार कलल्यावर चालतो, भर दुपारी मरतो. वीस मीटर दिवसभर, रात्रीही थोडाफार. हे तेवढं ध्यानात असू द्या.

एवढ्या जवळ दोन सेट लावले की अडचण एकच. मी मोर्सची चावी, म्हणजे टिकटिक पाठवायचं बटण, दाबली की माझा जोर त्याच्या अँटेनात घुसायचा आणि त्याचा सेट बधिर व्हायचा. मोठ्या आवाजाची स्टेशनं कशीबशी यायची, बारीक आवाजाची बुडायची. आणि स्पर्धा जिंकली जाते ती बारीक आवाजांवर. यावर उपाय म्हणजे फिल्टर. वीस मीटरचं तेवढं आत घ्यायचं, बाकीचं दारातच अडवायचं, अशी एक डबी. बाहेरून ती महाग मिळायची. देवानंदनं घरी केली. कंपासपेटीएवढी पत्र्याची डबी, आत त्यानं स्वतः गुंडाळलेल्या तांब्याच्या कॉइल. मोटरीत तारा भरणारा हात तो, एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नव्हता. लावली, आणि माझा त्रास गेला. संपलाच. मी दणादण चावी मारत असताना तो कोठीत बसून जपानच्या पलीकडची कुजबुज टिपून घ्यायचा.

आणि तिथूनच माझं पोट दुखायला लागलं.

कारण आमचे गुण वाढले ते त्याच्या बाजूनं. माझ्या वहीत जितकी स्टेशनं, त्याच्या दीडपट त्याच्या वहीत. जमीन माझी, खांब माझा, सेट दोन्ही माझे, कॉलसाइन माझं. पण नागपूरला रेडिओवाल्यांचा मेळावा झाला तेव्हा लोक त्याच्याभोवती उभे राहिले. वीस मीटरवर ते कान कुणाचे, म्हणून विचारत आले होते. मी चहाचा कप घेऊन शेजारी उभा. एका तरुण माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं — तुम्हीही रेडिओ करता का, काका?

देवानंद लगेच म्हणाला, हे माझे गुरू आहेत. हात जोडून म्हणाला. तो तसं म्हणाला नसता तर मी कदाचित विसरलो असतो. त्याचं मोठेपण मला त्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. पाटलाच्या मुलाला याच्याकडून मोठेपण घ्यायचं? असं मी मनात म्हणालो का? शब्दात नसेल म्हणालो. पण कळलं होतं मला की मी काय म्हणतो आहे.

येतो मुद्द्यावर. येतोच आहे. लांबवतो आहे हे मलाही दिसतं.

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी शेतावर एकटा होतो. डबी कोठीत टेबलावर होती. मी तिचे चार स्क्रू काढले. कॉइलची दोन टोकं सोडवली, आणि एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत सरळ एक तार सोल्डर केली. तांब्याची तार. त्याच्याच दुकानातली, कधीतरी मला काहीतरी बांधायला दिलेली. स्क्रू परत लावले. बाहेरून डबी तशीच्या तशी, आतून सताड उघडं दार. पंधरा मिनिटांचं काम. घाईघाईत, चोरून केलं असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मी शिट्टी वाजवत होतो.

तेव्हा माझ्या मनात काय होतं? एवढंच, की या वेळी त्याची वही माझ्यापेक्षा बारीक असावी. एक वर्ष. पुढचं जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. पण ठरवलं नव्हतं म्हणून थांबवलंही नाही, तर मग फरक काय?

शनिवारी सकाळी तासाभरातच तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. मफलर कानावरून मागे सारलेला. "सर, अर्धं अक्षर येते अन् गपकन बुडते. तुमच्या सेटचं तं नाही ना येऊन राह्यलं?"

पहिल्याच फटक्यात बरोबर ओळखलं होतं त्यानं. बघा, कान कसे होते ते.

मी हेडफोन काढले. शांतपणे म्हणालो, "डबी लावली ना तू? मंग? तुह्या हातची हाय ती. तुह्या हातचं गुंडाळणं चुकन का?"

मला त्याचा चेहरा दिसत होता आणि मी तो बघत होतो, सावकाश, पेपर सोडवणाऱ्या पोराकडे बघावं तसा. त्याच्यापुढे तीन गोष्टी होत्या. एक, डबी चुकली. पण ती त्यानं तपासली होती, मागच्या वर्षी चालली होती. दोन, सर खोटं बोलतात. हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? उत्तर त्याचं त्यानंच काढलं. हळूच कानाला हात लावला.

मी म्हणालो, "थंडी हाय. सकाळ-संध्याकाळ कान बसतात मानसाचे. दुपारी ऊन पडलं का मोकळे होतीन."

किती सहज सुचलं हे. माझं मलाच कौतुक वाटलं. कारण दुपारी चाळीस मीटर मरणार, मी सेट बंद करणार, आणि त्याचे कान मोकळे होणारच होते. झाले. दुपारी तो धावत सांगायला आला — सर, तुम्ही म्हनले तसंच झालं. चारनंतर मी चावी हातात घेतली आणि त्याचे कान पुन्हा बसले.

रात्री त्यानं घरी लताबाईला सांगितलं असणार. रविवारी पहाटे तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता. लसूण घालून कढवलेलं तेल सोडून वर कापसाचे बोळे. हेडफोन लावताना त्यानं ते काढून खिडकीत ठेवले. तेलाचा वास कोठीभर. मी तो वास घेतला, म्हणालो, बरं केलं, आणि माझ्या खोलीत जाऊन त्याच्यावर दिवसभरातली सगळ्यात जोरदार चावी मारली. गरज नसताना. समोर कुणी नसताना. नुसतीच. का? मला बघायचं होतं तो पुन्हा येतो का. आला नाही. तो बसून राहिला, आणि नंतर वही पाहिली तेव्हा दिसलं की त्या तासात त्यानं एकेक नाव तीनतीनदा खोडून लिहिलं होतं.

संध्याकाळी मी केलं ते सगळ्यात वाईट. इथपर्यंतचं एक वेळ मत्सर म्हणून खपेल. हे नाही खपणार.

मी कोठीत गेलो आणि म्हणालो, ऊठ, मी बसून पाहतो. तोच सेट, तीच खुर्ची, तेच हेडफोन, त्याच्या कानाच्या तेलानं थोडे चिकट झालेले. माझा सेट तिकडे बंद. अर्थात बंद, मी इथे होतो ना. सगळं आरशासारखं स्वच्छ होतं. मी एकामागून एक स्टेशनं घेत गेलो, बारीकातली बारीक, नाव मोठ्यानं म्हणत, त्याला ऐकू जाईल असं, आणि वहीत ठसठशीत लिहीत. अर्धा तास. तो मागे उभा. एकदाही मी मान वळवली नाही. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो — "सेट तं बरोबर हाय, देवानंद."

माझा सेट बंद होता म्हणून साफ ऐकू आलं असेल, हे त्याला सुचलं नाही का? सुचायला हवं होतं. माझ्यावर संशय घ्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यानं धरून ठेवली होती, आणि तेवढ्यामुळेच तो फसला. खिडकीतले बोळे उचलून त्यानं परत कानात घातले आणि सायकल काढली. सोमवारी सकाळपर्यंतचं वीस मीटर मीच ओढलं. खराब ओढलं, पण ओढलं.

मला मजा आली. हे लिहून ठेवतो, नाहीतर सगळं लिहूनही खोटंच होईल. मला मजा आली.

निकाल आला, त्यासोबत चुकलेल्या नावांची यादी. वीस मीटरच्या चुकाच चुका. मी ती छापून घेतली, लाल पेनानं एकेका चुकीला गोल केला आणि दुकानात नेऊन त्याच्या हातात दिली. सवयीनं, असं म्हणतो मी स्वतःशी, मास्तराची सवय. त्यानं यादी नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे मीच त्याला घेऊन गेलो. माझ्याच स्कूटरवर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वयाच्या मानानं छान आहेत कान, उंच आवाजात किंचित कमी, ते सगळ्यांचंच होतं. परत येताना वाऱ्यात मी त्याला एवढंच म्हणालो, किंचित कमी आहे म्हणाले डॉक्टर. खोटं नव्हतं ते. निम्मं होतं.

पुढच्या थंडीत मी डबी उघडली, तार काढली, कॉइलची टोकं जिथल्या तिथे लावली. अमरावतीचा एक इंजिनियर त्याच्या जागी बसवला. साधारण माणूस, पण त्याला काही त्रास झाला नाही. कसा होणार? हे देवानंदला सांगायची गरज होती का? मी मुद्दाम बाभुळगावला गेलो आणि सांगितलं. नवीन माणूस बसला, डबी तीच, काही अडचण नाही आली. मला वाटलं होतं तो खचेल. त्याचं तोंड उजळलं. म्हणाला, "म्हंजे डबी बरोबर होती." आपले हात शाबूत आहेत याचा त्याला आनंद झाला. मी चहा पिऊन निघालो.

दुकानाचं पुढे काय झालं ते मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. त्यानं मोटरीला पेचकस लावणं सोडलं. कानावर भरवसा नाही, म्हणून प्रत्येक मोटर आधी उघडायची, सगळी सोडवायची, मग बघायची. जिथे पाच मिनिटं लागायची तिथे दोन दिवस. पाणी द्यायच्या दिवसांत कोण दोन दिवस थांबतो? लोक यवतमाळला जायला लागले. समोर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तो टक लावून बघायचा, ओठ वाचल्यासारखा. मग लोकही त्याच्याशी ओरडून बोलायला लागले. ओरडून बोललं की माणूस बहिरा होतो, निदान चारचौघांत तरी. परवाना त्यानं पुन्हा काढला नाही. चावी मला आणून दिली, एखाद्या पोराला शिकवाल म्हणून. ती माझ्या कपाटात आहे.

अकरा वर्षं झाली. लताबाई गेल्या, दुकान गेलं, देवानंद आता फुलसावंगीला मुलीकडे राहतो. प्रज्ञा तिचं नाव, तिथल्या शाळेत शिक्षिका आहे. वर्षातून एकदा मी भेटायला जातो. तिला वाटतं केवढी माणुसकी. गावातल्या लोकांना वाटतं. मी त्याच्याशी बोलतो तेव्हा मीही मोठ्यानं बोलतो.

मागच्या महिन्यात गेलो होतो. तो अंगणात खुर्चीवर, भर दुपारचं ऊन, तरी कानाला मफलर. खालच्या बाजूला कुणाच्या तरी वावरात मोटर चालू होती, बरीच लांब. देवानंदनं एकदम मान तिरकी केली. डोळे मिटले. मूठ कानाजवळ गेली, पेचकस नसताना. अकरा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "त्या मोटरीचं बेअरिंग गेलं. घरघर येऊन राह्यली, बारीक. तुमाले येऊन राह्यली का?"

येत होती. मन लावून ऐकल्यावर मलाही येत होती. अगदी बारीक, मोटरीच्या आवाजाच्या खाली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. एक हो म्हणायचं होतं मला. एका अक्षराचं उत्तर. त्यासाठी काही कबूल करावं लागणार नव्हतं, डबी, तार, काहीही सांगावं लागणार नव्हतं.

मी म्हणालो, नाही. काहीच नाही.

"मंग भासच होय," तो म्हणाला, आणि मूठ मांडीवर ठेवली.

काहून म्हणालो मी नाही? आता कुठली स्पर्धा होती?

आठवड्यानं प्रज्ञाचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी, तिच्या शाळेच्या कुठल्याशा विज्ञान प्रदर्शनासाठी. बोलता बोलता म्हणाली, दोन दिवस झाले, घरी पाण्याचे हाल आहेत, खालच्या वावरातली मोटर जळाली, बेअरिंग जाम झालं होतं म्हणे, आमच्याकडे तिथूनच पाणी येतं. मी विचारलं, बाबांना सांगितलं का हे?

नाही, ती म्हणाली, त्यांना कशाला उगाच.

मी म्हणालो, बरं केलंस.